चेहरा राहू दे, खांदे बघ

मागच्या अंकात आपण युद्ध, दुष्काळ, बॉम्बहल्ले असल्या मोठ्या संकटांवर काढलेल्या रेखाचित्रांबद्दल बोललो होतो. त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळ्यांना उत्तरं द्यायची तर अख्खा अंकच लागेल. त्यातले पाच घेतलेत, काहींना लांबलचक उत्तर दिलंय, काहींना दोन ओळीत उरकलंय, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी फाइन आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला 'आपत्ती' या विषयावर ड्रॉइंगची सिरीज करायचीये. मी रडणारे चेहरे, आभाळाकडे केलेले हात, किंचाळणारी तोंडं असं काढलं तर सर म्हणाले, सगळं नाटकी वाटतंय. काढताना मला तर खरंच भरून आलं होतं. मग चुकतंय कुठे?

अगं, तुला भरून आलं यात मला शंकाच नाही, पण काढणाऱ्याला भरून आलं म्हणून बघणाऱ्यालाही येईलच असं काही नसतं ना. उघडं तोंड आणि वर गेलेले हात हा आता एक रेडिमेड साचा झालाय, इमोजीसारखा. बघणारा एका सेकंदात ओळखतो की हां, हा माणूस रडतोय, आणि पान उलटतो, कारण त्याला स्वतःला शोधायला तू काही ठेवलेलंच नाहीस. तुझे सर नाटकी म्हणाले ते बहुतेक याच अर्थाने.

आता एक काम कर, केटे कोलवित्झची चित्रं काढून बस. ही जर्मन बाई, १८६७ चा जन्म, नवरा बर्लिनमधल्या कामगारवस्तीत डॉक्टर, त्यामुळे त्याच्याकडे येणाऱ्या बायका, त्यांची आजारी पोरं, बेकार नवरे हे सगळं तिच्या रोजच्या बघण्यातलं. तिचं १९०३ चं एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर घेतलेला छाप) आहे, मेलेल्या मुलाला घेऊन बसलेली आई. ती बाई उघडी, मांडी घालून बसलीये आणि पोराला तिने असं काही कवटाळलंय की तिचं तोंड पोराच्या छातीत घुसलंय. म्हणजे आईचा चेहरा धड दिसतच नाही! दिसतो तो तिचा गुडघा, जाडजूड दंड, पोराला धरलेली बोटं, आणि पोराची मागे कलंडलेली मान. ती मान नीट बघ. जिवंत मूल झोपेत असलं तरी मान थोडी तरी सावरून धरतं, इथे ते सावरणं संपलंय आणि तेवढ्या एका कोनावरून आपल्याला कळतं की हे मूल गेलंय.

हे चित्र तिने आरशासमोर बसून काढलं, हातावर स्वतःच्याच मुलाला घेऊन, पेटर तेव्हा सात वर्षांचा होता. त्या अवघडलेल्या पोझमध्ये तिला इतकं जड झालं की ती कण्हायला लागली, तर तो पोरगाच तिची समजूत घालतोय की आई गप्प राहा, चित्र छान होणारे. म्हणजे चित्रात जे वजन दिसतं ते तिने अंदाजाने काढलेलं नाही, ते तिच्या दंडात दुखत होतं. (पुढे १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये हाच पेटर पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. लोक या दोन गोष्टी जोडून जणू आईला आधीच कळलं होतं वगैरे लिहितात, मला ते अजिबात आवडत नाही, चित्र १९०३ चं आहे आणि त्याला कुठल्याही भविष्यवाणीची गरज नाही.)

मुलगा गेल्यावर मात्र तिला लगेच काही जमलं नाही हे तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. युद्धावरची सिरीज तिने आधी एचिंगमध्ये करून बघितली, लिथोग्राफमध्ये (दगडावर काढून घेतलेला छाप) करून बघितली, समाधान होईना. मग १९२० मध्ये अर्न्स्ट बार्लाख या जर्मन कलाकाराचे वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून शाईने घेतलेले छाप, बघण्यात आले आणि ती त्या माध्यमाकडे वळली, त्यातून सात वुडकटची 'युद्ध' ही मालिका झाली. त्यातलं 'आईवडील' बघ, दोघं गुडघ्यावर, एकमेकांत इतके मिसळलेत की एकच ढिगारा वाटतो, बापाने हाताने तोंड झाकलंय आणि आई त्याच्यात पार खाली वाकलीये. पुन्हा चेहरा नाहीच. लाकडात बारीकसारीक छटा काढणं अवघड असतं, कोरलं की पांढरं, ठेवलं की काळं, त्यामुळे अश्रूबिश्रू दाखवायची सोयच राहत नाही, उरतो तो फक्त आकार आणि त्याचा भार.

तर तुझ्यासाठी उपाय म्हणजे काढलेल्या प्रत्येक चित्रात चेहऱ्यावर कागदाचा तुकडा ठेव आणि बघ, उरलेल्या शरीरावरून काही कळतंय का. खांदे कुठे गेलेत, वजन कुठल्या पायावर आहे, हात काही धरायला गेलाय की नुसता लोंबतोय? काहीच कळत नसेल तर तू सगळं काम भुवया आणि तोंडावर टाकलंयस. आणि हो, मग चेहरा काढायचाच नाही का, असं विचारशील, तर काढ की, पण शेवटी काढ.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो खरा असतो, चित्रात कलाकार मनाचं घालतो. मग दुष्काळ किंवा बॉम्बस्फोट यांचं रेखाचित्र काढण्यात अर्थ काय? (एक निवृत्त वाचक)

साहेब, प्रश्न रोखठोक आहे. पण कॅमेरा असला म्हणजे फोटो निघतोच असं नाही. ६ ऑगस्ट १९४५ चं हिरोशिमा घ्या. योशितो मात्सुशिगे नावाचा वृत्तपत्राचा फोटोग्राफर त्या दिवशी कॅमेरा घेऊन शहरात होता, मियुकी पुलापाशी भाजलेल्या माणसांची गर्दी समोर, यात बरीचशी शाळकरी मुलं, आणि त्याचं बोटच दाबेना. वीसेक मिनिटं तो नुसता उभा होता. दिवसभर फिरून त्याच्याकडे शेवटी जे फोटो राहिले ते पाच. त्या दिवशी शहराच्या आत माणसांवर काय गुजरली याचे जमिनीवरून काढलेले फोटो म्हणून जग आज त्या पाचांकडेच बघतं.

मग बाकीचं कुठे गेलं? ते लोकांच्या डोक्यात राहिलं, जवळजवळ तीस वर्षं. १९७४ मध्ये एक म्हातारे गृहस्थ हातात स्वतः काढलेलं चित्र घेऊन एनएचके या जपानी टीव्ही-रेडिओ संस्थेच्या हिरोशिमा केंद्रात आले. ते बघून एनएचकेने वाचलेल्या लोकांना आवाहन केलं की तुम्हाला आठवतंय ते काढून पाठवा, आणि दोनेक वर्षांत दोन हजारांवर चित्रं जमा झाली. काढणारे कोणी चित्रकार नव्हते, ज्यांनी शाळेनंतर पेन्सिल हातात धरली नसेल अशी माणसं, मिळेल त्या कागदावर, कुणी क्रेयॉनने, कुणी बॉलपेनने. पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान) चुकलेलं, हातपाय काटकुळे. आणि कित्येकांनी चित्रातच मोकळ्या जागेत लिहून टाकलंय की ही जागा कुठली, वाजले किती होते, ती व्यक्ती काय मागत होती. बहुतेक वेळा पाणी मागत होती. आता यात 'मनाचं' किती आणि 'खरं' किती ते तुम्हीच ठरवा, पण कॅमेऱ्याला न मिळालेली माहिती यात आहे एवढं नक्की.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, १९४३ चा बंगालचा दुष्काळ. तिथे फोटोही निघाले होते, कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने ऑगस्ट १९४३ मध्ये छापले आणि त्याने खळबळही माजली, म्हणजे फोटोने काही होत नाही असं मी म्हणतच नाहीये. पण त्याच वर्षी चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार बंगालच्या मेदिनीपूर भागात फिरला, वही आणि शाई घेऊन. कुठल्या आर्ट स्कूलमधून शिकलेला नव्हता. तो माणसं काढायचा आणि सोबत लिहायचा, हा कोण, कुठल्या गावचा, घरात कोण कोण होतं, जमीन कशी गेली. या दुष्काळात किती मेले याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांच्याही पुढे जातात, त्या आकड्यापुढे डोकं बधिर होतं. चित्तप्रसादच्या पानावर मात्र समोर एकच बाप्या बसलेला असतो, त्याच्या बरगड्या मोजता येतात, आणि बाजूला त्याचं नाव. 'हंग्री बेंगॉल' नावाने ते छापलं तर इंग्रज सरकारने पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. नुसती मनाने घातलेली चित्रं असती तर एवढा खटाटोप केला असता का हो? कुटुंबाकडे एक प्रत उरली होती, तिच्यावरून खूप वर्षांनी ते पुन्हा छापलं गेलं.

त्याच दुष्काळात चित्रकार झैनुल आबेदिन कलकत्त्याच्या रस्त्यावर चित्रं काढत होते. सरकारी आर्ट स्कूलमध्ये शिकवायचे तेव्हा. साधा पॅकिंगचा कागद, काळी शाई आणि जवळजवळ कोरडा ब्रश. कोरडा ब्रश खरखरीत कागदावरून जोरात ओढला की रेघ मधेमधे तुटते, कागद आतून दिसतो, आणि ती तुटकी रेघ जेव्हा मांडीचं हाड किंवा पाठीचा कणा होते ना, तेव्हा अंगावर मांस नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. शेडिंग नाही, मागे बिल्डिंग नाही, रस्ता नाही. कचराकुंडीशी माणूस, कुत्रा आणि कावळे. फोटोत हे सगळं आलं असतं, पण त्यासोबत दुकानाच्या पाट्या, वायरी, येणारेजाणारेही आले असते, आणि डोळा तिकडे पळाला असता. झैनुलनी डोळ्याला पळायला जागा ठेवली नाही, हाच फरक मला दाखवायचाय.

प्रश्न : 'गेर्निका'ची एवढी वाहवा का करतात? मला प्रामाणिकपणे सांगा. माझी नात यापेक्षा बरा घोडा काढते.

हा हा, नातीला आमच्याकडून शाबासकी द्या! आणि एक गंमत सांगते, १ मे १९३७ ला पिकासोने या चित्राची पहिली स्केचेस केली त्यात एक घोडा अगदी लहान पोराने काढल्यासारखाच आहे, मुद्दाम. एकाच दिवशी त्याने तो तसाही काढून बघितला आणि पट्टीच्या ड्राफ्ट्समनसारखाही. म्हणजे त्याला नीट घोडा येत नव्हता असं काही नाही, तो शोधत होता की कुठल्या घोड्याचं ओरडणं ऐकू येईल.

झालं असं होतं की २६ एप्रिल १९३७ ला, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये, त्याने हे पेपरात वाचलं आणि पाहिलं. साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब कॅनव्हास, सगळा काळा, पांढरा, करडा. यात विमान नाही, बॉम्ब नाही, सैनिक म्हणाल तर एक फुटलेला पुतळ्यासारखा पडलाय. तुम्ही डाव्या कडेची आई बघा, मांडीवर मेलेलं मूल. तिची जीभ टोकदार सुऱ्यासारखी काढलीये आणि डोळे थेट अश्रूच्या आकाराचे. आता तुम्ही म्हणाल की वर त्या मुलीला तुम्ही सांगितलं उघडं तोंड नको आणि इथे तर सगळ्यांचीच तोंडं उघडी! बरोबर पकडलंत. पण इथे तोंड उघडंय एवढ्यावर तो थांबलेला नाही, त्याने जिभेचं हत्यार केलं, म्हणजे ओरडणं ओरडणारीलाच टोचतंय. साचा त्याने मोडून परत बनवलाय. ते प्रत्येकाला जमत नाही आणि विद्यार्थ्यांनी त्याची नक्कल केली की हमखास फसतं, म्हणून मी कोलवित्झकडे पाठवते.

तरीही नाही आवडलं तर नाही आवडलं. मला स्वतःला त्याच्या पूर्वतयारीची स्केचेस मूळ चित्रापेक्षा जास्त धरून ठेवतात.

प्रश्न : दुसऱ्याच्या दुःखाची चित्रं काढायची, प्रदर्शन भरवायचं, वर ती विकायची. हे मला फार खटकतं. तुम्हाला नाही खटकत?

खटकतं. आणि ज्यांनी काढली त्यातल्या बऱ्याच जणांनाही खटकत होतं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपायला जायचे, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने त्यांची चित्रं केली, मेणाच्या क्रेयॉनवर वॉटरकलरचा हात आणि वर शाईची रेघ. पण तिथे झोपलेल्या माणसांसमोर वही उघडून बसणं त्याला बरं वाटेना, तो आडोशाला एखादी ओळ टिपून घ्यायचा आणि चित्र घरी येऊन आठवणीने करायचा. म्हणूनच बहुतेक त्याच्या बोगद्यात दोन्ही बाजूला ओळीने झोपलेली माणसं कोणी एक वाटत नाहीत, सगळी मिळून एकच लांबलचक गुंडाळलेलं अंग वाटतं. त्यात अदब आहे, पण थोडा थंडपणाही आहे, चित्तप्रसादसारखं नाव-गाव त्यात नाही. दोन्ही एकदम मिळत नाही वाटतं.

उलट चित्रकार झोरान मुसिच. तो स्वतः नाझींच्या डाखाऊ छळछावणीत कैदी होता, तिथे चोरून चित्रं करायचा, सापडला असता तर जिवाशीच खेळ. प्रेतांचे ढीग काढले त्याने, बारीक, नाजूक रेघेत. त्याला तुम्ही 'दुसऱ्याचं दुःख विकतो' म्हणू शकाल का? त्याचं तर ते शेजारचंच दुःख होतं.

स्पेनचा चित्रकार गोया, त्याचं बघा अजून. नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापला तेव्हाची कत्तल आणि माद्रिदचा दुष्काळ त्याने १८१० नंतरच्या दहाएक वर्षांत तांब्याच्या पत्र्यांवर कोरला, ८२ पत्रे. एकाखाली लिहिलंय 'हे मी पाहिलं', दुसऱ्याखाली 'हे बघवत नाही'. आणि ही सिरीज त्याच्या हयातीत छापून विकलीच गेली नाही, तो १८२८ मध्ये गेला आणि पहिली आवृत्ती आली १८६३ मध्ये. मग कोणासाठी काढली? माझं मत विचाराल तर विकण्यापेक्षा मला जास्त खटकतं ते दुःख सुंदर करून टाकणं. मऊ उजेड, कारुण्याने भरलेले टपोरे डोळे, लक्तरंसुद्धा कशी छान पडलेली. असल्या चित्रासमोर बघणाऱ्याला स्वतःच्याच संवेदनशीलतेचं कौतुक वाटायला लागतं. ते फुकट वाटलं तरी मला नको.

प्रश्न : आमच्याकडे पूर येऊन गेल्यापासून माझा आठ वर्षांचा मुलगा सारखा बुडणारी घरं, वाहून जाणारी माणसं काढतो. सासूबाई म्हणतात वही काढून घे, अशुभ आहे. मी काय करू?

वही अजिबात काढून घेऊ नका. सासूबाईंना काळजी वाटते म्हणून त्या म्हणतात, त्यांना तसं प्रेमाने सांगा, पण वही राहू द्या. मुलांना जे बोलता येत नाही ते ती असंच बाहेर टाकतात, आणि काढताना निदान त्या पुराला कुठे थांबवायचं ते त्याच्या हातात असतं.

दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या ज्यू वस्तीत, म्हणजे नाझींच्या कैदेतच, फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार मुलांना ड्रॉइंग शिकवायची. बाउहाउस या जर्मनीतल्या नावाजलेल्या कलाशाळेत शिकलेली बाई. काय काढा याची सक्ती नाही, पण चित्रावर स्वतःचं नाव घालायला ती सांगायची. मुलांनी फुलं काढली, आपली जुनी घरं काढली, तसंच तीन मजली बंक आणि जेवणाच्या रांगाही काढल्या. तिला १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झला नेऊन मारलं, काढणाऱ्यांपैकी बहुतेक मुलंही वाचली नाहीत, पण साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये राहिली, आज ती प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत.

तुम्ही एवढंच करा, तो काढत असेल तेव्हा जवळ बसा. 'हे काय काढलंस, शी' नको आणि 'याचा अर्थ काय रे' असंही खोदून विचारू नका, फारतर 'हे कोण' एवढं विचारा आणि त्याने सांगितलं तर ऐका. चित्रातून त्याच्या मनाचं निदान करायला बसू नका, ते माझंही काम नाही. मात्र झोप उडाली असेल, खाणंपिणं सुटलं असेल, शाळेत जायला घाबरत असेल, महिनोन्‌महिने तेच एक चित्र जसंच्या तसं येत असेल तर मुलांच्या मानसतज्ज्ञाला दाखवा, वही घेऊनच जा.

जागा संपत आली. जाता जाता एक जादाचा, एकाने विचारलंय की असल्या चित्रांत रंग वापरायचेच नाहीत का. असा काही नियम नाही. बंगालचे कलाकार सोमनाथ होर यांनी तर शाईसुद्धा सोडून दिली, त्यांची सत्तरच्या दशकातली 'जखमा' मालिका म्हणजे पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर उमटलेले पांढरेच चरे आणि खड्डे, उजेड तिरका पडला तरच जखम दिसते. आणि हिरोशिमावर मारुकी या जपानी चित्रकार नवराबायकोने १९५० पासून जी मोठमोठी पॅनल केली त्यातल्या आगीच्या पॅनलमध्ये काळ्या शाईवर लाल ज्वाळा आहेत. ते जळणाऱ्या माणसांच्या अंगावरून जातं तरी मेळ्यातल्या पडद्यासारखं भडक होत नाही, कारण बाकी सगळीकडे त्यांनी हात आखडता घेतलाय. तेव्हा लाल घ्या, पण आधी काळ्यात चित्र उभं राहतंय का ते बघून मग घ्या.